दाभोळ बंदर : आगबोटीतून दिसलेले आणि न दिसलेले

आपल्या ज्ञातीतील कित्येक घराण्यांचा मुंबईशी संबंध जडला तो आगबोटीने. कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली १९९८ साली. तत्पूर्वी पिढ्यान् पिढ्या कोकणी माणसाचा राजमार्ग म्हणजे समुद्रच होता. पावसाळ्यात तो बंद असे. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळू लागे, आणि हिवाळ्यात पहाटेचा मतलई वारा सुटला म्हणजे प्रवास सुखाचा होई.

१९६९ च्या डिसेंबरात मी वडिलांसमवेत भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढलो. सायंकाळी बोट वाशिष्ठीच्या मुखाशी थांबली. पडाव येऊन लागले. ट्रंका, वळकट्या आणि रडणारी मुले त्यांत उतरू लागली. मी विचारले, "हे कोणते गाव?" वडील म्हणाले, "दाभोळ. आपले बंदर अजून लांब आहे." एवढ्यावर माझी जिज्ञासा संपली.

बहामनी काळी हे दख्खनचे महाद्वार होते. अरबस्तान, खुरासान येथून घोडे येथे उतरत. घोड्यांशिवाय दख्खनच्या सुलतानांचे चालत नसे, यावरून बंदराचे महत्त्व ओळखावे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून बिदरपर्यंत हिंडला, तो परत निघाला तो दाभोळहून.

पुढची हकीगत दुःखाची आहे. १५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्त व गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा पुत्र लॉरेन्सो पडला. बाप सूडास पेटला. त्याच हिवाळ्यात तो आरमार घेऊन मलबारहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस निघाला. शत्रू होता दीवला. परंतु वाटेत आदिलशाहीचे दाभोळ लागले, आणि डिसेंबरच्या अखेरीस ते जाळले गेले. स्त्रिया आणि मुलेही वाचली नाहीत. ज्यांनी त्याचा मुलगा मारला ते लोक हे नव्हेत, हा विचार त्या बापाला शिवला नाही. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवला तो जिंकला. पुढच्याच वर्षी मायदेशी परतताना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी तेथील रहिवाशांच्या हातून मारला गेला.

दाभोळ पुन्हा उभे राहिले. खाडीकाठची घुमटाची मशीद आदिलशाहीच्या उत्तरकाळाची साक्ष देते. अफजलखानाच्या वधानंतर १६६० च्या आरंभी शिवाजी महाराजांच्या सैन्याने बंदर घेतले. पुढे व्यापार मुंबईकडे सरकला. गेल्या शतकाच्या अखेरीस दाभोळचे नाव देशभर गाजले खरे, पण ते वीजप्रकल्पापायी. आणि तो प्रकल्पही पैलतीरी, गुहागर तालुक्यात!

मी तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला. पानिपत शिकविले, प्लासी शिकविली. दाभोळचे नाव फळ्यावर लिहिल्याचे मला स्मरत नाही. ज्या बोटीने आपले वाडवडील पोटासाठी मुंबईस गेले, तिच्या वाटेवरचे हे शहर पाठ्यपुस्तकात नव्हते, म्हणून मीही ते वगळले. हा दोष सर्वस्वी माझा.

निवृत्तीनंतर धोपाव्याहून फेरीबोटीने मी प्रथमच दाभोळला उतरलो. धक्क्यावरच्या मुलांना विचारले, पूर्वी आगबोट कोठे उभी राहत असे? त्यांना आगबोटच ठाऊक नव्हती. जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध खलाशाने मान वर न करता खाडीच्या मुखाकडे हात केला.