वर काय चाललंय?

सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीच्या आसपास पडलेल्या पाण्याला पूर्वी दोनच वाटा होत्या. धारेच्या पूर्वेला पडलं तर मुळेतून पुण्याला, तिथून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला पडलं तर कडे उतरून कुंडलिकेत, कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत. 1927 साली तिसरी वाट निघाली. टाटांनी मुळशीला बांधलेल्या धरणाचं पाणी डोंगर पार करून सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरावर उतरलं. पूर्वेच्या समुद्राला निघालेलं मुळेचं पाणी पश्चिमेच्या समुद्राला मिळू लागलं.

माझ्या आजीचं माहेर त्या धरणाखाली गेलं आणि सासर मिळालं ते भिऱ्याच्या खाली, कुंडलिकेच्या काठी. नदीवर धुणं धुताना ती एखादी ओंजळ उचलायची नि म्हणायची, "हे माझ्या माहेरचं पाणी." लहानपणी मला ती गंमत वाटे. पुढे नकाशा वाचता यायला लागला तेव्हा कळलं की ती अक्षरशः खरं बोलत होती.

16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट तिथेच 'सेनापती' झाले. आजी तेव्हा परकर नेसायच्या वयाची. तिला भाषणं आठवत नव्हती. खणतीवर जाऊन बसलेल्या बाया आठवत होत्या, त्यांच्या कडेवरची पोरं आठवत होती, आणि आंबेमोहोराची खाचरं. लढा तीनेक वर्षं चालला, हरला, पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली गेली. लोक वर सरकले. जिथे भाताऐवजी नाचणी-वरी पिकते अशा उतारांवर त्यांनी घरं बांधली. आपल्या राज्यात धरणग्रस्तांच्या संघटित लढ्याचा इतिहास इथून सुरू होतो, आणि शाळेच्या पुस्तकात तो अजूनही दोन ओळींचाच आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण वर सरकलेल्या त्या माणसांना डोंगर आणखी जवळून वाचता यायला लागला. आजीचे चुलते, ज्यांना सगळं घर तात्या म्हणे, घाटवाटांनी कोकणात तांदूळ नेत आणि येताना मीठ नि सुकी मासळी आणत. हिर्डीवरून भिऱ्याला उतरणारी, आज अंधारबनची म्हणून गाजलेली वाट त्यांच्या पायाखालची होती. निघण्याआधी ते डोक्यावरचं आभाळ बघतच नसत. आल्या-गेल्याला एकच विचारत, "वर काय चाललंय?"

आजीच्या लग्नाची गोष्ट घरात शंभरदा सांगितली गेली. ज्येष्ठाची अखेर होती. नवरीकडचं वऱ्हाड त्याच वाटेने खाली निघालेलं. ऊन लख्ख. एका ओढ्याशी सगळे पोचले तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. चार माणसं पलीकडे गेलीसुद्धा. तात्या मात्र अलीकडेच उभे राहिले आणि हात आडवा केला. पाण्याचा रंग फिरला होता. मघाशी तळाचे गोटे दिसत होते, आता ताकाची निवळी धरावी तसं पाणी झालं होतं. वरून वाळका पाचोळा वाहत येत होता. काठावरचा हिरवा पाला वाऱ्याने पडतो. वाळका पाचोळा वाहून येतो म्हणजे जिथे आतापर्यंत पाणी पोचलं नव्हतं तिथवर ते पोचलं आहे. पलीकडे गेलेल्यांत नवरीचे मामा होते. ते ओरडून सांगत होते, मुहूर्त टळेल, या! तात्या हलले नाहीत. मग आधी आवाज आला, तळाचे धोंडे एकमेकांवर घासल्याचा. आणि मागोमाग लोंढा आला, ओंडक्यांसकट, पुरुषभर उंचीचा. ऊन तसंच होतं.

मुहूर्त टळला. पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे बसून राहिले. रात्री पाणी ओसरलं, पहाटे वऱ्हाड उतरलं, आणि लग्न दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तावर लागलं. सासरच्या मंडळींनी त्यावरून काही दिवस बोलून घेतलं म्हणे. आजी सांगायची, तात्यांनी कोणाला उलटून उत्तर दिलं नाही.

या गोष्टीतलं पाणी कुठून आलं, हे समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, चढताना गार होतो आणि धारेच्या आसपास आपलं ओझं उतरवतो. म्हणून पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. खाली बसाल्टचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे, वर मातीचा पातळ थर. ओढे आखूड, उतार उभे. धारेवर झोड उठली की तासाभरात ती कड्याखाली उतरते. खाली उभ्या असलेल्या माणसाला आभाळ काही सांगत नाही. सांगतं ते पाणीच, आणि तेसुद्धा फार उशिरा.

आजीचं दुसरं एक म्हणणं मला आज जास्त मोलाचं वाटतं. पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, हे मराठी मुलखात सर्वांना ठाऊक. तरणा जोरात कोसळतो, म्हातारा आपला रिपरिपत राहतो, असं लोक समजतात. आजीच्या माहेरी मात्र भीती म्हाताऱ्याची असे. मृगात माती तहानलेली असते, पडेल ते पिते. तेव्हा लोंढा आला तरी येतो आणि ओसरतो. पुष्य लागेपर्यंत मातीचं पोट तुडुंब झालेलं असतं. मग पडेल तो प्रत्येक थेंब वाहतो आणि जिथे वाहता येत नाही तिथे डोंगरच खाली आणतो.

सूर्य पुष्यात जातो 20 जुलैच्या सुमारास आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तिथे असतो. आता दरडींच्या तारखा पाहा. 26 जुलै 2005 च्या पावसात महाडजवळ जुई, दासगावच्या दरडी. 30 जुलै 2014, माळीण. 22 जुलै 2021, तळीये. 19 जुलै 2023 ची रात्र, इर्शाळवाडी, म्हणजे म्हातारा उंबऱ्यावर असताना. नक्षत्रांमुळे पाऊस पडतो असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे पर्जन्यमापक नव्हता, त्यांनी जमिनीत मुरलेल्या पाण्याचा हिशोब पंचांगावर टिपून ठेवला होता आणि तो हिशोब बरोबर होता. जुलैच्या उत्तरार्धात 'पावसाळी सहल' आखणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी ऐकावा.

25 जुलै 2024 हाही पुष्यातलाच दिवस. चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. पुण्यात शिवाजीनगरला त्याच वेळी शंभराच्या थोडं वर. हवामान खातं 204.5 मिलिमीटरपासून अतिवृष्टीची सगळ्यात वरची पायरी मानतं. ताम्हिणीचा पाऊस त्याच्या अडीच पटींहून जास्त होता. पुण्याचा अंदाज बघून ताम्हिणीतल्या प्लस व्हॅलीत उतरायला निघालेल्या माणसाच्या हातात त्या दिवशी चुकीच्या गावाचा कागद असता. खातं आता घाटमाथ्याचा इशारा शहराहून वेगळा देतं, 'पुणे घाट' असं नाव घालून. तो वेगळा रकाना बघण्याची सवय लागायला हवी. शहरात पिवळा आणि घाटात लाल, असं एकाच दिवशी सर्रास असतं.

पावसाळा संपला की धोका संपला, हेही खरं नाही. परतीच्या पावसात सकाळ धुतल्यासारखी असते आणि दुपारी तीननंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. तेव्हा भीती पाण्याइतकीच विजेची. तात्या आश्विनात माथ्यावरची चाल दुपारच्या आत संपवत, कातळाच्या सड्यावर किंवा एकट्या झाडाखाली कधी थांबत नसत. वैशाखातल्या वळवालाही तोच नियम.

आणि कुंडलिकेला तर पावसाशिवायचं आणखी एक आभाळ आहे. पूर्वी चैत्रात तिचे डोह तेवढे उरत, बाकी नुसते गोटे. वीजघर सुरू झालं तशी ती बारमाही वाहू लागली. आज कोलाडच्या वरच्या अंगाला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. सकाळी वीज बनते, पाणी सुटतं, राफ्ट निघतात, दुपारी नदी पुन्हा उथळ होते. माघातल्या कोरड्या सकाळी, आभाळात ढगाचं बोट नसताना, गुडघ्याएवढं पाणी छातीपर्यंत चढतं. काठावरच्या बाया त्यामुळे धुणं कधी सुटलेलं पाणी उतरण्याआधी मांडत नसत. त्यांचं हवामान डोंगरावर ठरत नव्हतं, वीजघराच्या पाळीवर ठरत होतं. राफ्ट चालवणारी तिथली पोरं आज तेच वेळापत्रक तोंडपाठ ठेवतात, आणि नवख्या माणसाने फोनपेक्षा त्यांचं ऐकावं.

आजीच्या सासरच्या गावातून आता देवकुंडाकडे माणसं जातात. तीन धारा एकत्र येऊन कोसळतात ते ठिकाण, कुंडलिकेचा उगम मानलं जाणारं. कुंडाच्या काठी उभं राहिलं की तीन बाजूंनी कडा, वर आभाळाचा तुकडा. धारेवर काय चाललंय ते तिथून दिसणं शक्यच नाही. पावसाळ्यात प्रशासन तिथली वाट बंद करतं, त्यावर लोक चिडतात, आडवाटेने जातात. बंदीचा फलक कारण सांगत नाही, नुसता दंड सांगतो, ही त्यातली उणीव आहे.

माझ्या ओळखीचा एक वाटाड्या यावर स्वतःपुरता उपाय करतो. त्याची मावशी माथ्यावरच्या पाड्यात राहते. निघण्याआधी तो तिला फोन लावतो, अर्ध्या वाटेवर रेंज मिळते तिथे पुन्हा लावतो. ती अंगणात येऊन धारेकडे बघते आणि सांगते. ती नको म्हणाली तर तो मंडळींचे पैसे तिथल्या तिथे परत करतो आणि चुलीवरचं जेवण घालून पाठवतो. प्रत्येक घाटवाटेला वर अशी एक मावशी आहे. वनखात्याच्या नाक्यावर तिकीट फाडण्याच्या खिडकीशेजारी तिचा सकाळचा निरोप फळ्यावर लिहिला जावा, आणि त्या कामाचं मानधन त्या तिकिटाच्या पैशांतूनच तिला मिळावं.