एब्स्टाईन विकृती : त्रिदल झडपेच्या दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना :
हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून मांडला जातो. हृदय-फुप्फुस यंत्रामुळे उघड्या हृदयावर काम करणे शक्य झाले, हे निर्विवाद आहे. तथापि, जन्मजात सदोष झडपेच्या दुरुस्तीत शरीररचनेचे आकलन किती निर्णायक ठरले, हे एब्स्टाईन विकृतीच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विकृतीचे स्वरूप :
१८६६ मध्ये ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथील वैद्य विल्हेल्म एब्स्टाईन यांनी १९ वर्षांच्या एका मृत मजुराच्या हृदयाचे वर्णन प्रसिद्ध केले. हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये त्रिदल झडप असते. या विकृतीत तिच्या पाकळ्या, विशेषतः पडद्यालगतची व मागील पाकळी, गर्भावस्थेत स्नायुभित्तीपासून पूर्णपणे सुट्या होत नाहीत. परिणामी झडपेचे तोंड खाली सरकते, ती नीट मिटत नाही व रक्त मागे फिरते.

शस्त्रक्रियेचे टप्पे :
१९५८ मध्ये हंटर व लिलेहाय यांनी दुरुस्तीची एक पद्धत सुचविली. १९६३ मध्ये केप टाऊनचे ख्रिस्तियान बर्नार्ड व श्रायर यांनी कृत्रिम झडप बसविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मात्र कृत्रिम झडप बालकाबरोबर वाढत नाही. धातूची झडप असल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, तर प्राणिज झडप कालांतराने झिजते. त्यामुळे रुग्णाच्याच पाकळ्या वाचविण्याचे महत्त्व वाढले. १९७२ पासून मेयो क्लिनिकमध्ये गॉर्डन डॅनियलसन यांनी समोरच्या मोठ्या पाकळीवर भिस्त ठेवून एकदल झडप साधली. १९८८ मध्ये पॅरिसचे आलँ कार्पेंतिए यांनी ती पाकळी सोडवून मूळ कड्याशी जोडण्याची पद्धत मांडली. ब्राझीलचे जोझे पेद्रो दा सिल्वा यांनी हाच विचार पुढे नेला. उपलब्ध सर्व पाकळ्या भित्तीपासून सोडवून, त्यांचा शंकू करून तो मूळ कड्यावर बसविण्याच्या त्यांच्या पद्धतीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

समारोप :
पाकळी नाहीशी झालेली नसून ती भित्तीला चिकटून राहिलेली असते, हे ध्यानात घेतल्यावर दुरुस्तीची दिशा बदलली. पाकळ्या अत्यंत अपुऱ्या असल्यास आजही कृत्रिम झडपेचा आश्रय घ्यावा लागतो. तरीही शवविच्छेदनाच्या मेजावर नोंदविलेल्या रचनेचा पुरेपूर उपयोग जिवंत रुग्णासाठी होण्यास शतकाहून अधिक काळ लागला, ही बाब वैद्यकाच्या इतिहासकाराने लक्षात घेण्याजोगी आहे.