सर्पगंधेचे मूळ

माझे थोरले चुलते तात्या ऐन तिशीत एकाएकी वेगळे बोलू लागले. ‘वेदगंगा माझं नाव घेती,’ म्हणत आणि रात्री-अपरात्री नदीकडे धाव घेत. शब्द सारे ओळखीचे; पण त्यांना ओवणारा धागाच तुटलेला! ‘लागिर झालंय,’ म्हणून आजीने अंगारे लावले, देवऋषी केले. सहा वर्षे गेली.

पुढे गारगोटीतच मास्तर झालो, तेव्हा या व्याधीची कुळकथा मी वाचू लागलो. १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलरने तिला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. आपण तिला छिन्नमनस्कता म्हणतो. विचारांची सांगड सुटते, हे त्याने रोग्यांच्या बोलण्यातूनच ओळखले होते.

आणि औषधाचा एक माग तर आपल्याच रानात निघतो! सर्पगंधेचे मूळ आपले वैद्य वेडावर देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर लेख लिहिला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसात क्लोरप्रोमॅझिनचा गुण दिसून आला. पुढे स्वीडनच्या कार्लसनने सशांना रेसर्पिन दिले. ससे निश्चल झाले. एल-डोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले! या १९५७ च्या शोधामुळे मेंदूतल्या डोपामिन या निरोप्याची ओळख पटली आणि २००० साली कार्लसनला नोबेल मिळाले. छिन्नमनस्कतेवरील बहुतेक औषधे या निरोप्याचीच वाट अडवतात. रेसर्पिन मात्र त्याच्या दुष्परिणामांमुळे मागे पडले. तेव्हा वाचकहो, मूळ उगाळून कोणी घेऊ नये!

१९९३ साली लंडनच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. रोग्याला आवाज ऐकू येत असताना त्याच्या मेंदूतल्या बोलण्याच्या केंद्रातच रक्तप्रवाह वाढतो. म्हणजे तात्या खोटे बोलत नव्हते. नदी बोलत नव्हती, हे खरे. पण त्यांना ऐकू येत होते, हेही तितकेच खरे. आम्ही त्यांना गप्प बसवीत राहिलो.

अखेर कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे नेले, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या दिवाळीत तात्या ओट्यावर पणत्यांत तेल घालीत बसले होते. मी भीत भीत विचारले, ‘तात्या, आवाज येत्यात?’

ते म्हणाले, ‘येत्यात की. पण आता लांबनं.’ आणि थोड्या वेळाने, ‘हे तू आधी का न्हाईस इचारलंस?’