पाणवठा ते चौपाटी : खडकवासल्याच्या काठावरचा इतिहास



बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाले, वह्या मिटल्या की एक विषय हमखास निघतो, यंदा सहल कुठं काढायची? कुणी म्हणतं देवाला जाऊ, कुणी म्हणतं पाण्यापाशी जाऊ. वारजे, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे या पट्ट्यातल्या बायकांना पाण्यासाठी लांब जावं लागत नाही. खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी भाकरी बांधून घ्यायची, तिथं जाऊन भाजलेलं कणीस खायचं, गरमागरम कांदाभजी घ्यायची, पोरांना पाणी दाखवायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचं. आज आपण या काठाचा इतिहास बघणार आहोत. ज्या काठावर आपण चटई टाकून बसतो, तो काठ आला कुठून, कुणी घडवला, त्यासाठी कुणी काय गमावलं, हे माहीत असलं की तिथं बसणं वेगळं वाटतं.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. पाण्याचा काठ बायकांना नवा नाही. विहीर, नदीचा घाट, ओढा या आपल्या आज्या-पणज्यांच्या रोजच्या जागा. पण तिथं जायचं ते कामाला. धुणं धुवायचं, भांडी घासायची, हंडा भरायचा. सासरी नांदणाऱ्या पोरीला मन मोकळं करायला तेवढीच जागा होती, तीही हंडा भरेपर्यंत. हात रिकामे ठेवून, नुसतं पाणी बघत काठावर बसणं हे बायकांच्या वाट्याला फार उशिरा आलं. आणि काही बायकांना तर हंडा भरायलाही काठावर येऊ दिलं जात नव्हतं.

पुण्याचंच बघा. पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तळं बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं गेलं. ते पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. लोक हौदावरून पाणी भरत. पण 'लोक' म्हणजे सगळे नव्हेत. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांच्या घरच्या बायकांनी घागर घेऊन उभं राहायचं आणि कुणाला दया येईल तेव्हा वरून ओतलेलं पाणी घ्यायचं. म्हणून १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद या सगळ्यांसाठी मोकळा केला, ही साधी गोष्ट नव्हती. घरचा हौद उघडणं म्हणजे समाजाचं कुलूप उघडणं होतं.

त्याच सुमारास पुण्याला पाणी कमी पडू लागलं. शहर वाढलं होतं, पुणे आणि खडकी इथं इंग्रजांची लष्करी छावणी होती, आणि पुण्याच्या पूर्वेला पावसाचा भरवसा नसलेली कोरडी जमीन होती. फाईफ नावाच्या लष्करातल्या इंजिनिअरनं मुठा नदीवर खडकवासल्याला धरण बांधायची योजना मांडली. १८६०च्या दशकाच्या शेवटी काम सुरू झालं आणि १८७०चं दशक संपेपर्यंत धरण उभं राहिलं. इंग्रजांनी तळ्याला त्या इंजिनिअरचं नाव दिलं, लेक फाईफ. लोकांनी मात्र गावाचंच नाव चालू ठेवलं आणि आजही खडकवासलाच म्हणतात.

ते धरण दगड-चुन्याचं होतं. तेव्हा यंत्रं नव्हती. दगड फोडायचा, घडवायचा, वाहून न्यायचा, चुना मळायचा, सगळं माणसाच्या आणि बैलाच्या बळावर. अशा कामांवर पुरुषांबरोबर बायाही असत, डोक्यावर पाटी आणि पाठीला लेकरू. १८७६-७८ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा सरकारनं जागोजाग दुष्काळी कामं काढली. तिथं बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी ठरवलेली होती. पोटाची भूक मात्र सारखीच होती! कागदोपत्री फाईफ साहेबाचं नाव राहिलं. पाटी वाहणारीचं नाव कुठल्याही दगडावर नाही.

धरणातून कालवा निघाला. तो पुण्यातून हडपसरकडं गेला. हडपसरजवळ मांजरीला जोतीराव फुल्यांची शेती होती, आणि पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी १८७०च्या दशकात बांधकामाचं साहित्यही पुरवलं होतं. म्हणजे हौद उघडणारा माणूस धरणाचं काम आणि शेतकऱ्याचं पाणी, दोन्ही जवळून ओळखत होता. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाला हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नव्हतं.

पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०३ च्या सुमारास, विश्वेश्वरय्या या इंजिनिअरनी या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपले आपण उघडत आणि पातळी उतरली की मिटत. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायची ती युक्ती होती. पुढं देशभर गाजलेल्या विश्वेश्वरय्यांचा हा प्रयोग आपल्या खडकवासल्याला झाला, हे आपल्या पोरांना जरूर सांगा.

आता १९६१ सालाकडं येऊ. हे साल मुठेच्या काठानं कधी विसरू नये. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, आंबी नदीवर, पानशेतचं मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी भराभर चढलं. पाणी सोडायच्या मोरीपाशी बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचत राहिले. त्या कष्टांमुळं काही तास मिळाले, रात्र टळली. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यात आलं. ऐंशी वर्षं उभं असलेलं दगडी धरण त्या लोंढ्यापुढं टिकलं नाही, तेही फुटलं. मग पाणी मुठेच्या पात्रातून काठाकाठानं पुण्यात शिरलं. वाडे कोसळले, पेठा बुडाल्या, पूल पाण्याखाली गेले.

धरण रात्री फुटलं असतं तर झोपेतल्या किती माणसांवर घाला पडला असता, याचा विचारही करवत नाही. दिवसाउजेडी आलेल्या पुरानंही हजारो संसार उघड्यावर आणले. आणि पाणी ओसरल्यावर दुसरंच संकट उभं राहिलं. धरणच गेलं म्हटल्यावर शहराच्या नळाला पाणी येणार कुठून? जुन्या विहिरी, जुने हौद पुन्हा लोकांना आठवले. चारी बाजूंना चिखल आणि घरात प्यायला पाणी नाही, तेव्हा रांगेत घागर घेऊन कोण उभं राहिलं असेल, हे मी सांगायला नको. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. कित्येक कुटुंबांचा संसार नव्या जागी शून्यातून सुरू झाला.

नंतर खडकवासला पुन्हा बांधलं गेलं, पानशेतही पुन्हा उभं राहिलं. पुढं मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर ही धरणं झाली. या चारही धरणांत मिळून २९.१५ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. आपल्या पंधरा लिटरच्या हंड्यानं मोजलं तर जवळजवळ १८९ कोटी हंडे! गंमत अशी, की चौपाटीवरून एवढं मोठं दिसणारं खडकवासला चौघांत सगळ्यांत लहान आहे. त्यात मावतं १.९७ टीएमसी, म्हणजे एकूण साठ्याचा पंधरावा हिस्सा. वरच्या तिघांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि इथून पुढं वाटलं जातं. घरात माठ आणि तांब्या असतो ना, तसं. खडकवासला हा तांब्या आहे.

या तांब्याकडं किती तोंडं लागलेली आहेत बघा. पुणे शहर याच पाण्यावर जगतं. वारजे १९९७ साली महापालिकेत गेलं, आणि आज वारज्यातच पाणी शुद्ध करण्याचं मोठं केंद्र आहे. दुसरीकडं कालव्याच्या शेपटाला दौंड, इंदापूरची शेती आहे. दर उन्हाळ्यात शहराला किती आणि शेताला किती, यावरून ओढाताण होते. शहरात नळ सोडून गाडी धुतली जाते तेव्हा कालव्याच्या टोकाला कुणा बाईचं माळवं वाळत असतं. आणि धरणांच्या वरच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली ती वेगळीच. जातं उचलून नेता येतं, पण ग्रामदेवीचा पार, पाणवठा, शेजारीण नेता येत नाही. सरकारी कागदात 'पुनर्वसन' एका शब्दात होतं. बाईला ते आयुष्यभर करावं लागतं.

तरीही हा काठ नुसत्या दुःखाचा नाही. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आपण एनडीए म्हणतो ती. तिची कोनशिला १९४९ साली पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. याच पाण्यावर तिथले छात्र नाव वल्हवायला आणि शिडाची होडी चालवायला शिकतात. सत्तरहून अधिक वर्षं ते सगळे मुलगेच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर मुलींना दार उघडलं. २०२२ साली पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली शिक्षण पुरं करून दिमाखात बाहेर पडल्या. ज्या पाण्याच्या काठावर पणजीनं पाटी वाहिली, त्या पाण्यात आता लेकी होडी हाकतात.

काठावरच्या हक्काची एक गोष्ट पुण्याबाहेरची आहे, पण ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. महाडचं चवदार तळं. सरकारचा ठराव झाला होता, नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचं म्हटलं होतं, तरी दलितांना तिथं पाणी भरायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, कोर्टात खटला लढला, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं लागली. आज आपल्या गटात सगळ्या जातीधर्मांच्या बाया एका चटईवर, एका डब्यातून खातात, ते फुकट मिळालेलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, सहलीला जरूर जा. पण काठावर गेल्यावर तीन गोष्टी पाळू.

पहिली गोष्ट, पाण्यात उतरायचं नाही. वरून शांत दिसतं, पण काठाशी गाळ असतो आणि एका पावलावर तळ तुटतो. एक घसरली की तिला धरायला दुसरी जाते, आणि पोहता कुणालाच येत नसतं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की खाली नदीत पाणी भराभर चढतं, तेव्हा भोंगा वाजला की पात्रात थांबायचं नाही.

दुसरी गोष्ट, कणसाची सालं, कागदी ताटल्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या आपल्या पिशवीत परत आणायच्या. आपण तिथं टाकलेलं पाण्यात जातं आणि तेच पाणी आपल्या नळाला येतं. घरच्या माठात कुणी कचरा टाकतं का?

तिसरी गोष्ट, कणीस भाजणाऱ्या, भजी तळणाऱ्या बाईशी दोन शब्द बोला. ऊन, पाऊस, धूर सोसून ती उभी असते. तिच्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करण्यापेक्षा तिला विचारा, गाव कुठलं, धंदा कसा चालतो, बसायला हक्काची जागा आहे का. तिच्याही गटाची ओळख होईल.

आणि गावात कुणी आजी १९६१ चा पूर पाहिलेली असेल, तर तिच्यापाशी बसून तो ऐका आणि वहीत उतरवून ठेवा. पाटी वाहणाऱ्या बायांची नावं कुणी लिहिली नाहीत. या आजीचं नाव तरी आपल्या हातानं लिहिलं जाऊ दे.