सरवटे नावापाशी थबकून

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आजवरच्या महासचिवांची यादी वाचताना मराठी माणूस एका नावापाशी थबकतो: मनोहर बाळाजी सरवटे. त्या नावापर्यंत पोचायला संघाला १०० वर्षं लागली.

१८६५ साली पॅरिसमध्ये २० राष्ट्रांनी तारायंत्रांचे समान नियम आणि दर ठरवण्यासाठी हा संघ स्थापन केला. त्यात ब्रिटन नव्हता, कारण तिथली तारायंत्रं खासगी कंपन्यांच्या हाती होती आणि करार सरकारांमध्ये होता. पण हिंदुस्थानातली तारायंत्रं सरकारी होती. १८६४मध्ये इराणच्या आखातातून टाकलेली केबल कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, येऊन पोचली होती. तिच्यावरच्या संदेशांचे दर परक्यांनी परस्पर ठरवावेत, हे लंडनला कसं परवडणार? म्हणून १८६८च्या व्हिएन्ना परिषदेत ब्रिटन शिरला तो हिंदुस्थानच्या नावाने. खुर्ची हिंदुस्थानची, बसलेला माणूस इंग्रज! पुढे इतर साम्राज्यांनीही हाच कित्ता गिरवला. वसाहतीच्या नावाने वेगळं मत मिळे आणि ते मालकाच्या पारड्यात पडे. आपण संघाचे इतके जुने सदस्य, हे अभिमानाने सांगताना हा तपशील सहसा गाळला जातो.

व्हिएन्नातच ठरलेली कचेरी बर्नला उघडली आणि तिची सूत्रं जवळपास ८० वर्षं स्विस माणसांकडे राहिली. तटस्थ देश म्हणून ते सोयीचंही होतं. पण दरम्यान रेडिओ आला, आणि जो आधी कंप्रतालहरी वापरून नोंदवेल त्याचा हक्क मोठा, असा रिवाज पडला. नव्याने स्वतंत्र झालेले देश दारात आले तेव्हा लघुलहरींचे पट्टे आधीच भरलेले होते. नियम सगळ्यांना सारखाच होता. फक्त तो झाला तेव्हा अर्धं जग खोलीत नव्हतं.

१९६५च्या माँत्रो परिषदेत आफ्रिका-आशियातले हे नवे देश मोठ्या संख्येने आले होते. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारला तिथून बाहेर काढण्यात आलं. आधी उपमहासचिव असलेले सरवटे तिथेच महासचिव म्हणून निवडून आले. या पदावरचे पहिले आशियाई. फेब्रुवारी १९६७मध्ये, पदावर असतानाच, त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी ट्युनिशियाचे मोहम्मद मिली आले.

स्त्रीला मात्र आणखी थांबावं लागलं. २९ सप्टेंबर २०२२ रोजी बुखारेस्टमध्ये अमेरिकेच्या डोरीन बोगडान-मार्टिन १७२पैकी १३९ मतांनी जिंकल्या. त्यानंतरही सरवट्यांखेरीज दुसरं भारतीय नाव त्या यादीत नाही.