केळ्याचं पथ्य

मंडळी, पोटाच्या दुखण्यावर सल्ला द्यायला आपल्याकडे डॉक्टर असावं लागत नाही. आमच्या नात्यातल्या एका तरुणाला क्रोन्सचा आजार निघाला. यात आतड्याला वारंवार सूज येते. महिन्याभरात त्याला गहू सोड, दूध सोड, नुसता ताकभात खा, असे सगळे सल्ले मिळाले. एकाने तर गोळ्याही सोडायला सांगितल्या. म्हणून या पथ्यांचा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात होते एका वेगळ्याच आजारापासून. सीलिअ‍ॅक झालेली लहान मुलं तेव्हा खंगत जायची, कित्येक दगावायची. १९२४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी अशा मुलांना भरपूर केळी देऊन पाव, बटाटा बंद केला. मुलं बाळसं धरू लागली. हास यांना वाटलं, गुण केळ्याचा.

पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला आणि सीलिअ‍ॅकची मुलं चक्क सुधारली. पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डच डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी तो प्रबंधात मांडला. म्हणजे हास यांच्या रुग्णांना आलेला गुण खरा होता, पण कारण वेगळंच होतं. केळं बिचारं निमित्तमात्र!

याच हास यांच्याकडे १९५० च्या दशकात एलेन गॉटशॉल ही आई आपल्या मुलीला घेऊन गेली. मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, शस्त्रक्रियेची भाषा चालली होती. हास तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी धान्य, साखर, बटाटा बंद करणारं पथ्य दिलं. गॉटशॉल यांच्या सांगण्याप्रमाणे मुलगी बरी झाली. मग या बाईंनी उतारवयाकडे झुकताना विज्ञानाचं शिक्षण घेतलं आणि १९९४ साली ‘ब्रेकिंग द विशस सायकल’ हे पुस्तक काढलं. त्यामुळे हे पथ्य जगभर गेलं.

पण आईचा अनुभव कितीही खरा असला, तरी तो एकाच घराचा. अमेरिकेत क्रोन्सच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. काहींना गॉटशॉलबाईंचं पथ्य दिलं, काहींना भूमध्य सागराकडचा साधा आहार. यात भाज्या, फळं, कडधान्यं, ऑलिव्ह तेल आणि धान्यंही होती. सहा आठवड्यांनी लक्षणं आटोक्यात आलेले रुग्ण पहिल्या गटात ४६.५ टक्के, दुसऱ्यात ४३.५ टक्के. फरक जवळजवळ नाहीच! शिवाय रक्ततपासणीतली सूज मात्र दोन्ही गटांत फारच थोड्या जणांची उतरली.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. बरं वाटणं आणि आतडं बरं होणं या दोन गोष्टी आहेत. म्हणून बरं वाटलं की गोळ्या सोडणं धोक्याचं.

याचा अर्थ पथ्य थोतांड आहे असा मुळीच नाही. क्रोन्स झालेल्या मुलांना आज डॉक्टरच सहा ते आठ आठवडे केवळ पोषक द्रवाहारावर ठेवतात, आणि त्याने सूज खरोखर उतरते. पण तो उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतो, मापून दिलेला असतो.

तेव्हा नातेवाईकहो, त्या पोराचं वजन आधीच उतरलंय. त्याच्या ताटातून एकेक पदार्थ काढू नका. काय काढायचं ते त्याचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. आपण त्याच्याबरोबर जेवायला बसावं, एवढं पुरे.