एका मुखपट्टीची कथा

ढाल म्हटली की आपल्याला गेंड्याच्या कातड्याची ढाल आठवते. परंतु माणसाने मृत्यूशी केलेल्या एका मोठ्या झुंजीत ढाल होती ती साध्या जाळीदार कापडाची, आणि त्याच्या घडीत घातलेल्या कापसाची!

ही झुंज मांचुरियातली, १९१०-११ च्या कडाक्याच्या हिवाळ्यातली. कातड्यांसाठी मार्मोट नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याची शिकार होई. त्या शिकाऱ्यांत प्लेग शिरला आणि आगगाडीने हार्बिन शहरी आला. २४ डिसेंबरला डॉ. वू लिएन-तेह तेथे उतरले. वय अवघे एकतीस. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचे.

प्लेग म्हणजे उंदीर, हे समीकरण तोवर पक्के झाले होते. त्यात आपल्या मुंबईचाही वाटा होता. १८९६ पासून तेथे थैमान घालणाऱ्या गाठीच्या प्लेगाचा अभ्यास परळच्या प्रयोगशाळेत झाला, आणि उंदरांवरच्या पिसवांचा अपराध सिद्ध झाला. हार्बिनमध्ये मात्र उंदीर चिरून पाहिले तरी त्यांत प्लेग सापडेना. माणसे गाठींनी नव्हे, रक्ताळलेल्या खोकल्याने मरत होती. वूंनी ओळखले, हा फुप्फुसांचा प्लेग. तो खोकल्यातून, श्वासातून माणसाचा माणसाला लागतो. म्हणून डॉक्टरांपासून प्रेते वाहणाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने नाकतोंड झाकले पाहिजे. कापडाच्या घडीत कापसाची गादी घालायची आणि टोके डोक्यामागे घट्ट बांधायची. कोणालाही करता येईल, इतकी ही मुखपट्टी स्वस्त होती.

परंतु ज्येष्ठांना हे कसे पटावे? मेनी नावाचे अनुभवी फ्रेंच डॉक्टर आले. एका चिनी तरुणाने आपल्याला शिकवावे, हे त्यांना रुचले नाही. मुखपट्टी न बांधताच ते रोग्यांजवळ गेले. ११ जानेवारीला त्यांचे निधन झाले. मग मात्र गावात ज्याच्या त्याच्या तोंडावर पट्टी दिसू लागली.

जमीन गोठल्याने पुरता न आलेली दोन हजारांवर प्रेते, बादशाही परवानगी मिळवून, ३१ जानेवारीपासून दहन करण्यात आली. पूर्वजांच्या थडग्यांना देवघराइतके जपणाऱ्या समाजात हे पाऊल किती अवघड, हे सांगायला नको. १ मार्चला हार्बिनमधला शेवटचा रोगी नोंदला गेला. एकूण साठ हजारांच्या आसपास माणसे मात्र गेलीच.

२०२० साली करोनाच्या दिवसांत घरोघरी दोरीवर मुखपट्ट्या वाळत होत्या. त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष शोधू गेल्यास हार्बिनच्या त्या बर्फातून जावे लागते. मेनींजवळ विद्या कमी नव्हती. धाकट्याचे ऐकून घेणे तेवढे त्यांना जमले नाही, आणि त्याचे मोल त्यांनी प्राणाने चुकवले.